तासाचा भाव

"सांगा ना भंतेजी, तीन तासांत संपणाऱ्या खेळाला एवढे पैसे मोजावेत का माणसानं?"

भदंत शीलरत्न नुकतेच जेवायला बसले होते. पात्रात भात होता, त्यावर वरण, कडेला वांग्याची भाजी. भातात गेलेला त्यांचा हात तिथंच थांबला.

वैनगंगेकाठच्या त्या बुद्धविहारात आज जेवणाला उशीर झाला होता. दान घेऊन येणाऱ्या बाईंची बस वाटेत बंद पडली. बारानंतर भिक्खू अन्नाला हात लावत नाही, आणि तोंडात घास असताना बोलत नाही. भिंतीवरच्या घड्याळात बाराला थोडाच अवकाश उरला होता.

पण सुगत रामटेके कायम घोड्यावर बसून येणारा. घड्याळ बघेल तर शपथ! व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांचा निकाल लावायचा, हा त्याचा धंदा. त्यानं आपल्या व्हिडिओत 'घेऊ नका' म्हटलं की नागपुरातली पोरं तो गेम घेत नसत. भंते त्याच्या वडिलांचे, देवाजींचे, जुने स्नेही, म्हणून हा थेट आत येऊन बसला होता.

"कोणता खेळ?" भंतेंनी विचारलं.

"गेम जुनाच आहे. त्याला आता नवा भाग जोडलाय, एक्स्पान्शन म्हणतात. मूळ गेम साठ तासांचा. हा जोड तीन तासांचा, आणि किंमत निम्मी. सरळसरळ लूट आहे."

"मंग ठरलंच की तुझं."

"ठरलं. व्हिडिओ तयार आहे..."

"मंग?"

"टाकवत नाही."

भंतेंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगं दोन रात्री झोपलेलं दिसत नव्हतं.

"तू किती दिले त्याचे?"

"मला फुकट मिळतो. कंपनीच पाठवते."

एरवी हे तो ऐटीत सांगायचा. आज पुटपुटला.

"काय आहे त्या तीन तासांत?"

"काहीच नाही, भंतेजी. लढाई मूळ गेममध्येच संपली. इथं जिंकायचंही काही नाही. एक म्हातारा नावाडी आपल्याला नदीपार नेतो आणि जाताना बोलत राहतो. बटण दाबलं की त्याचं बोलणं पुढं ढकलता येतं."

"ढकललं?"

"सगळ्यांच्या आधी व्हिडिओ टाकायचा असतो ना..."

भंतेंनी बोटांनी घास कालवला. तो तोंडाकडे निघाला तेवढ्यात सुगत पुन्हा बोलू लागला.

"मी प्रत्येक गेमचा तासाचा भाव काढतो. किमतीला तासांनी भागायचं. साधी गोष्ट आहे, कोणी फसत नाही."

"हं."

"बाबांचाही काढला."

घास पात्रात परत गेला.

हे सांगताना सुगतला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

"डॉक्टर म्हणाले, आता बरे होणार नाहीत. नवीन इंजेक्शनं आहेत, ती दिली तर तीन-चार महिने जास्त मिळतील. त्यासाठी घर गहाण टाकावं लागेल. बाबा समोर खाटेवर होते, भंतेजी. माझ्याकडेच बघत होते. आणि मी तिथं बसल्या बसल्या भागाकार करून मोकळा झालो."

"काय आलं?"

"महाग..."

बाहेर कावळा ओरडत होता.

"आज संध्याकाळी डॉक्टरांना हो किंवा नाही सांगायचं आहे."

"देवाजीला विचारलं?"

"कधी विचारू? ते थांबतच नाहीत. जन्मभर तोंडातून शब्द न काढणारा माणूस, आता दिवसभर बोलतो. कागद कारखान्यातल्या पाळीचं बोलतो. आईला बघायला गेले तेव्हा चिवडा कसा खारट झाला होता, ते सांगतो. तेच तेच. मी मोबाइल घेऊन बसतो. हूं हूं करतो."

एकदा तोंड उघडलं आणि त्याला बांधच राहिला नाही. वॉर्डातला वास कपड्यांना चिकटून घरी येतो, हे त्यानं सांगितलं. बाबा झोपले की ते संपले की काय म्हणून छातीवर हात ठेवून बघतो, हेही सांगितलं. आपल्याला आपलीच घाण वाटते, असं म्हणाला. खरा प्रश्न तोंडातून निघेना, म्हणून येताना खेळाचा प्रश्न घेऊन आलो, असंही म्हणाला.

भंते ऐकत होते. अधूनमधून एखादा शब्द विचारत होते. हात केव्हाच पात्रातून निघून गुडघ्यावर आला होता.

घड्याळानं बाराचे टोले दिले.

भंतेंनी पात्रावर झाकण ठेवलं आणि हात धुतला. दान आणणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"भंतेजी, एक घासही नाही घेतला?"

सुगतनं तेव्हा कुठं पात्राकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"म्हणजे... आता उद्यापर्यंत काहीच नाही?"

"नाही."

सुगत लाजेनं काळाठिक्कर पडला.

"माझ्यामुळं... अहो, गप्प बस म्हणायचं होतंत मला! तुमच्याजवळ वेळ होता तरी केवढा? एवढासा! तो या माझ्या फालतू बडबडीत कशाला घालवलात?"

भंतेंनी पात्र हलकेच बाजूला सारलं.

"तू बोलून राहिला होता, बाबू."