भुईच्या पांघरुणाची कहाणी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, देवाला नैवेद्य दाखवायचा तो आपल्या हातानं पिकवलेल्या भाजीचाच. धरला खरा, पण बी किती खोल पेरावं तेही मला ठाऊक नव्हतं. ज्या कहाणीच्या आधारानं तो नेम तडीस गेला, ती आज सांगते. मन लावून ऐका.

एका राज्यात मणिभद्र नावाचा राजा होता. त्याची राणी सुवर्चला. एकुलती एक लेक कुमुदिनी.

एके दिवशी दरबारात भस्माक्ष नावाचा मायावी आला. म्हणाला, "महाराज, हे पांढरं भस्म घ्या. सकाळी पेराल ते संध्याकाळी तोडाल."

"मोल काय?"

"भुईतून जे निघून जाईल, ते माझं."

राजा हसला. भुईतून काय जायचंय? म्हणाला, "दिलं."

भस्म पडलं. वांगी घागरीएवढी झाली, भोपळे रथात मावेनात. पण भाजीची चव गेली. मागोमाग गांडुळं गेली. मग मऊपणा गेला, भुई दगड झाली. त्या भुईवर अनवाणी खेळणाऱ्या कुमुदिनीचे पायही दगडाचे झाले, आणि दगड रोज वर चढू लागला. वैद्य थकले, मांत्रिक थकले.

राणी तुळशीपाशी बसली, पदर पसरला, डोळे मिटले. उघडते तो समोर भारद्वाज पक्षी. लाल डोळे, तांबूस पंख.

"राणीसाहेब, भुई मऊ झाली तर लेक मऊ होईल. तुमच्या हातची, भस्म न लागलेली भाजी तिच्या मुखी पडू दे. कामं तीन आहेत. कराल?"

"करीन. पण मी कधी रोप लावलेलं नाही."

"बरं झालं. चुकीचं काही शिकलेल्या नाहीत."

पहिलं काम, फेकून देता ते भुईला द्या. राणीनं पदर खोचला, तुळशीमागे खड्डा खणला. देवाचं निर्माल्य, भाजीची देठं, गोठ्यातलं शेण, वाळका पाला असे थर घातले, पाणी शिंपडलं, झाकून ठेवलं. राजा म्हणाला, "पट्टराणीच्या नखांत माती! माहेरी हेच शिकवलं का?" राणी रोज पाणी शिंपडत राहिली. दिवस भरले तसा खड्डा उघडला, तर आत बुक्क्यासारखी काळी, भुसभुशीत माती. ना घाण, ना वास. फुलं कुठली, शेण कुठलं, ओळखू येईना.

दुसरं काम, रुसून गेले त्यांना बोलावून आणा. राणी वेशीबाहेरच्या उंबराखाली गेली, पाला सारला, अक्षत ठेवली. म्हणाली, "गांडूळराज, परत चला."

गांडूळराज म्हणाला, "तुमच्याकडे आमचं अंग जळतं."

"आता जळणार नाही. माझ्या लेकीची शपथ."

त्यांना ओलसर पाल्यासकट ओटीत घेऊन राणी घरी आली. नव्या मातीत सोडलं.

तिसरं काम, मेथी पेरा आणि सांभाळा. राणीनं मेथी पेरली. आता सांभाळायची कशी? ती आपली घरंदाज बाई. अंगण सांभाळतात तसंच तिनं केलं. रोज पहाटे वाफा झाडला, पानन् पान उचललं, शेणानं सारवलं, वर रांगोळी घातली. वाफा देव्हाऱ्यासारखा दिसे, पण कोंब काही वर येईना. इकडे दगड कुमुदिनीच्या गळ्याशी आला.

तेवढ्यात भस्माक्ष दारात. "राणी, चिमूटभर भस्म टाक. संध्याकाळी मेथी खुडशील."

राणीनं लेकीकडे पाहिलं. हात भस्माकडे गेला. पण ओटीत बसून विश्वासानं आलेले ते जीव आठवले. "शपथ घातलीय मी," ती म्हणाली, "चालता हो."

भारद्वाज कुंपणावर बसला होता. "राणीसाहेब, किती छान सारवलंत हो! आता कोंबानं दार शोधायचं कुठं?"

राणी चपापली. मग तिलाच हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना. बोटांनी तिनं सारवण हलक्या हातानं फोडलं. पुन्हा मेथी पेरली. उचलून ठेवलेला पाला वर विरळ पसरला, तान्ह्याला पांघरूण घालावं तसा. या वेळी पाण्याची घागर राजानं स्वतः आणली.

आणि मेथी आली! हिरवीगार, बोटभर उंच, पाल्यातून डोकावत. राणीनं मूठभर खुडली, मिरची-मीठ घालून परतली, देवाला दाखवली आणि लेकीच्या जिभेवर ठेवली.

कुमुदिनीनं तोंड वाकडं केलं. "ई! आई, कडू आहे!"

राजा रडू लागला. किती काळ लोटला, त्या राज्यात कुणी कशाला कडू म्हटलं नव्हतं. दगडाची साल तडकली, गळून पडली, आणि लेक धावत वाफ्यावर गेली. भुईतून गेलं होतं ते भुईत परत आलं, मायाव्याचं देणं उरलं नाही. भस्माक्षाची मूठभर राख झाली. तेवढी मात्र राणीनं खड्ड्यात टाकली नाही.

म्हणून म्हणते बायांनो, तुम्हीही एवढा नेम धरा. अंगण नसेल तर एक कुंडी चालेल. निर्माल्य आणि देठं तिला द्या, चार दाणे मेथी पेरा, वर पाला पांघरा. आणि चार दिवस काही दिसलं नाही तरी उकरून बघू नका. पहिली भाजी कडू लागली, तर देवाला हात जोडा.