इनामदारांचा पायगुण

गोविंदराव इनामदारांचं चराऊ कुरण म्हणजे नुसता खडकाळ माळ. तिथे कुसळही नाक मुरडतच उगवायचं. ठकूबाई धनगरीण दर उन्हाळ्यात रात्री आपल्या मेंढ्या त्या माळावर बसवायची. पडेल ते लेंडीखत इनामदारांचं आणि पावसानंतरची चराई ठकूबाईची, असा जुना रिवाज होता.

यंदा मेंढ्या बसल्या होत्या तिथे रानमटकी अशी फोफावली की वेलांत कोकरू दिसेना. ते पाहून इनामदारांची नियत फिरली. भर चावडीत मिशीला पीळ देत ते म्हणाले, "हा आमचा पायगुण! पाडव्याला आम्ही माळावर पाऊल टाकलं आणि रान हिरवं झालं. तुझ्या मेंढरांचा काय संबंध? ने त्यांना दुसरीकडे!"

आसपास मेंढ्या चारायला दुसरं मोकळं रान नव्हतं. पण ठकूबाईने पदर खोचला आणि हसून हात जोडले.

"खरं हाय, सरकार. म्या येडी, उगाच मेंढरं बसवत हुते! आता वरल्या अंगाचा माळ तेवढा उघडा पडलाय. आज तिथं वाघर लावते, जाळीच्या आत मेंढरांच्या जागी रातभर सरकारांनीच बसावं. फकस्त एक करा. मेंढरं सकाळी उठताना जे मागं ठिवून जात्यात, ते सरकारांनी बी ठिवावं!"

चावडी खदखदून हसली. इनामदारांनी बराच वेळ ओठ दाबून धरले, पण शेवटी हसू फुटून त्यांची पगडीच हलू लागली.

वरच्या माळावर वाघर लागली, पण आत बसल्या त्या मटकी खाऊन तट्ट फुगलेल्या मेंढ्याच.