घरचा आरसा

फार पूर्वी ऱ्हाईन नदीकाठच्या एका चर्चमध्ये संताचं जुनं वस्त्र जपलेलं होतं. यात्रेच्या दिवशी ते सज्जातून दाखवत, तेव्हा खाली लोक छोटे आरसे उंच धरत. वस्त्राचं तेज आरशात उतरतं आणि घरी नेता येतं, अशी सगळ्यांची श्रद्धा. चर्चचा कारभारी लांबेर्ट असे आरसे विकायचा. "तेज उतरतं ते फक्त आमच्याच आरशात!" असं तो त्या यात्रेतही सकाळपासून ओरडत होता.

हेडविग म्हातारीनं मात्र अंथरुणाला खिळलेल्या लेकीसाठी घरचाच आरसा आणला होता. तो वस्त्रासमोर उंच धरून ती परत निघाली, तोच लांबेर्टनं वाट अडवली.

"चोरटे! तेज फुकटात घेऊन चाललीस? आण तो आरसा इकडे!"

हेडविग पार गोंधळली. आरसा उराशी धरून म्हणाली, "कारभारी, माझी तर मतीच चालेना. घरच्या आरशात तेज उतरत नसेल, तर मी चोरलं काय? आणि उतरत असेल, तर तुमचे आरसे घ्यायचे कशाला?"

लांबेर्टनं आरशासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. आरसे घ्यायला आलेली गर्दी कान टवकारून उभी होती.

"जा बाई, जा," तो पुटपुटला.

"जाते हो. पण लेकीला काय सांगू? आरसा भरलेला आहे, की रिकामा?"