तळपायाला बांधलेला लसूण

एकदा एका वृद्ध वैद्यांचा एक शिष्य चातुर्मासात भलताच कडक झाला. त्र्यंबक त्याचे नाव. कांदा-लसूण वर्ज्य, हे तर झालेच. पण शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली तरी हा नाकाला उपरणे लावी. निषिद्ध असे काही जिभेवरून जाऊ द्यायचे नाही, हा एकच ध्यास. गुरुजी मिशीत हसत.

त्याच सुमारास त्याची धाकटी बहीण अंबू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. गर्भारपणात अनेकींना येतात तसे तिच्या गालांवर वांगाचे काळपट डाग उमटले होते, आणि डोहाळजेवणाला सासरची मंडळी यायची होती. पोरीने आरसा पालथा घालून ठेवला. भावाला ते बघवेना. एका फिरत्या व्यापाऱ्याकडून त्याने पांढऱ्याशुभ्र मलमाची डबी आणून तिला दिली. एकदा लावूनच गाल उजळल्यासारखे वाटले, तेव्हा त्र्यंबकाची स्वारी खूश होऊन ती डबी गुरुजींना दाखवायला आली.

"यात काय आहे रे?" गुरुजींनी विचारले.

"ते त्याने नाही सांगितलं. म्हणाला, बाहेरून तर लावायचं, पोटात थोडंच जातंय!"

"आणि तुला पटलं?"

"न पटण्यासारखं काय आहे त्यात?"

गुरुजी उठले. टोपलीतून लसणाचा गड्डा काढून त्यांनी पाकळ्या खलात ठेचल्या आणि म्हणाले, "पाय पुढे कर."

त्र्यंबकाला वाटले, आपण चुकीचे ऐकले. पण गुरुजींनी खरोखरच तो ठेचा त्याच्या तळपायाला थापला, वर केळीचे पान लावले आणि फडक्याने घट्ट बांधले. "आता हिरडे निवडत बस," एवढेच सांगून ते जपाला बसले.

बिचारा हिरडे निवडू लागला, पण चांगले टोपलीबाहेर आणि किडके टोपलीत जाऊ लागले. ही शिक्षा म्हणावी, तर कशाची? उपचार म्हणावा, तर पाय ठणठणीत आहे. गुरुजींचे वय झाले, असाही विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तळवा चुरचुरत होता. डोके त्याहून अधिक.

बऱ्याच वेळाने तो एकदम ताडकन उठला.

"गुरुजी! तोंडात लसूण लागतोय!"

"चूळ भर."

त्याने चूळ भरली, पुन्हा भरली. चव घशाच्या मुळाशी बसली होती, जाईना. "मी काहीही खाल्लेलं नाही, शपथ! मग माझा नियम मोडला की नाही?"

"ते मलाही सांगता यायचं नाही," गुरुजी म्हणाले. "नियम घालणाऱ्यांच्या डोक्यात तळपाय आला नसावा."

त्र्यंबक लंगडत खाली बसला. गुरुजींनी त्याचे फडके सोडले, तळवा धुतला आणि हळू आवाजात बोलू लागले.

"अरे, कातडी म्हणजे चाळण. पुष्कळ काही अडवते, पण काही आत सोडतेच. सोडत नसती, तर माझे निम्मे लेप आणि तेलं फुकट गेली असती. तू जिभेच्या दाराशी पहारा बसवलास आणि बाकी सारं अंग उघडं टाकलंस. जिभेला कडू लागलं तर ती थुंकून टाकते. कातडीला थुंकता येत नाही. म्हणून तिच्यासाठी आपणच विचारायचं असतं, यात काय आहे? जो सांगत नाही, त्याचं घ्यायचं नाही."

"मग झाडपाल्याचं काहीही चालेल?"

"बिब्बा झाडालाच लागतो. लाव गालाला आणि बघ कसे फोड येतात! मसुराचं पीठ दुधात कालव. रोजच्या खाण्यातली वस्तू, आपल्या ओळखीची. तेही आधी कोपराच्या आत थोडं लावून पाहा. आणि तिला सांग, बाळंतपणानंतर वांग बहुधा आपोआप फिके पडतात."

त्र्यंबक घरी धावला. लसणाची हकीकत ऐकून अंबू आधी खूप हसली. मग तिचा हात पोटाकडे गेला आणि हसणे थांबले.

"दादा, म्हणजे मी लावलं ते... इथे पोचलं असेल?"

"ठाऊक नाही गं," तो म्हणाला. खोटे बोलून धीर द्यावासा वाटला, पण ते जमले नाही. फार भीती वाटली त्याला. अंबू मोरीवर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

डोहाळजेवणाला ती हिरवे लुगडे नेसून झोपाळ्यावर बसली. गालांवरचे डाग लपले नव्हते. सासूबाईंनी ओटी भरता भरता हनुवटी वर केली. "काय गं हे? काही लावत नाहीस का?"

"लावलं होतं," अंबू म्हणाली. "पण त्यात काय होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळाला नको म्हणून बंद केलं."

सासूबाईंनी त्या डागांवरूनच हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटे मोडली. दारात उभ्या असलेल्या त्र्यंबकाचे डोळे भरून आले.

आपण लावतो गालाला. ते कोणाच्या वाट्याला जाणार, हे डबी उघडण्यापूर्वी विचारावे.