म्हाळसाआईची पाण्याची दऊत

फार वर्षं झाली. गडावर तोफा धडधडत होत्या आणि गडाच्या पायथ्याला भोकरदऱ्यात चुली पेटत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा ओढ्याला बारमाही पाणी होतं, आणि एका घरात बाळ रडलं की सगळ्या आळीला ऐकू जायचं. त्या गावात म्हाळसा नावाची सुईण होती. आडवं आलेलं पोर तिचा आवाज ऐकून सरळ व्हायचं, असं म्हणतात.

पोर जन्मलं की पाचव्या दिवशी पाटा पुजायचा. पाट्याजवळ कोरा कागद, लेखणी आणि शाईची दऊत ठेवायची. मग सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते. शाई कुळकर्ण्यांच्या घरून म्हाळसाच मागून आणायची.

पण दिवस लढाईचे. दसऱ्याला गडी गडावर जायचे आणि होळीला निम्मेच परत यायचे. म्हाळसाचे दोन भाऊ गेले, मग नवरा गेला. तेव्हा तिला सातवा महिना होता. मुलगा झाला, ज्याचं नाव पुढे सुभान ठेवलं. त्याच्या पाचवीला तिनं पाटा मांडला, कागद ठेवला, लेखणी ठेवली, आणि दऊतीत शाईऐवजी ओढ्याचं पाणी भरलं.

सटवाई आली. तिनं लेखणी बुडवून लिहिलं, आणि लिहिलेलं बघता बघता वाळून गेलं. तिनं म्हाळसाकडे पाहिलं.

"अगं, ज्याचं मरण लिहिलं नाही, त्याला मरण नाही. पण निघालेलं मरण रिकाम्या हातानं माघारी जात नसतं. ते शेजारच्या दारात शिरतं. अजून वेळ आहे, शाई आण."

बाळाच्या मुठीत म्हाळसाचा पदर अडकला होता.

"राहू दे बाई," ती म्हणाली. "कोरंच राहू दे."

सुभान वाढला. पाचव्या वर्षी त्याला नाग चावला, तर त्याला साधी चक्करही आली नाही. त्याच सांजेला शेजारची गाय मेली. गाय म्हातारीच होती, असं म्हाळसानं स्वतःला सांगितलं.

मग मिसरूड फुटलं आणि तोही गडावर गेला. पहिल्याच लढाईत गोळी त्याच्या छातीकडे आली आणि वाऱ्यानं पाचोळा वळावा तशी वळली, असं म्हणतात. बाजूला कुंभाराचा राऊ होता. तो पडला. पुढच्या खेपेला तेल्याचा धोंडू पडला, मग न्हाव्याचा भिकाजी. तिघांचीही नाळ म्हाळसानंच कापलेली. राऊच्या घरी ती समजूत घालायला गेली, तर राऊची आई गया तिच्याच गळ्यात पडली. तुझा तरी आला गं, एवढंच म्हणाली. 

आधी गाव सुभानला नशीबवान म्हणायचं. मग गडी थट्टेत म्हणू लागले, सुभानच्या सावलीला उभं राहू नका, त्यापेक्षा ऊन परवडलं. मग थट्टाही थांबली. तो पारावर आला की माणसं उठून जायची. शेवटी तो घरी आला आणि आईसमोर बसला.

"आई, माझ्या कपाळावर काय लिहिलंय?"

म्हाळसानं सगळं सांगितलं. तो चिडला नाही. चुलीतली राख उकरू लागला.

"मी आलो की तू भाकरी थापायचीस," तो म्हणाला. "आणि पलीकडून गयामावशीचं रडणं यायचं. तरी तुझी भाकरी कधी करपली नाही. शाई आण, आई."

भिकाजीच्या मागे त्याची बायको बाळंत झाली. ते बाळंतपणही म्हाळसानंच केलं. पाचवीला तिनं दऊत शाईनं काठोकाठ भरली आणि सुभानच्या कपाळीही लिही म्हणत सटवाईचे पाय धरले. सटवाई म्हणाली, एकदा सोडलेलं कपाळ मला पुन्हा दिसत नाही. पाणी तू भरलंस, आता शाईही तूच लाव.

म्हाळसाला अक्षर येत नव्हतं. येत असतं, तर तिनं म्हातारपण लिहिलं असतं. तिनं शाईत बोट बुडवलं. सुभान एवढा मिशीवाला गडी, पण त्यानं लहानपणीसारखं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं कपाळावर एक ठिपका लावला. तो शेवटपर्यंत पुसला गेला नाही, असं म्हणतात.

त्या साली गडाची भिंत फुटली. खिंडारात सगळ्यांच्या पुढे सुभान उभा राहिला. त्या दिवशी एकही गोळी वळली नाही. होळीला भोकरदऱ्याचे सगळे गडी परत आले, एक सोडून. म्हाळसाची चूल पेटली नाही, तेव्हा गया भाकरी घेऊन आली आणि तिला भरवूनच उठली.

त्यानंतरही म्हाळसा बाळंतपणं करत राहिली. पुढे सारं गाव तिला म्हाळसाआई म्हणू लागलं.

आता गडावर गवत आहे, ओढा माघातच आटतो, आणि बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तरी पाचव्या दिवशी भोकरदऱ्यात शाईची वाटी निघतेच. बाळाची आई म्हाळसाआईचं नाव घेते, शाईत बोट बुडवते आणि पहिला ठिपका शेजारणीच्या लेकराला लावते. मग आपल्या.