नऊ हजारांची दुर्री

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत. आता ऐका आणि मध्ये बोलू नका.

टीव्हीवर एक कार्टून लागायचं, त्या काळची गोष्ट. त्याच्या खेळातला वज्रनख हा चकचकीत पत्ता. अंगावर छापलेलं, ‘ताकद नऊ हजार’. पुढे कार्टून बंद पडलं, खेळ बंद पडला, सगळे सोबती रद्दीत गेले. हा वाचला, कारण पारावरच्या कॅटातली इस्पिकची दुर्री हरवली होती आणि म्हाताऱ्यांनी तिच्या जागी याला घेतलं.

“दुर्री? मी?” वज्रनख फणफणला.

“होय महाराज,” चौकटची राणी म्हणाली. “तिर्रीला वाकून नमस्कार करा, ती तुमच्याहून थोरली. पण हुकूम इस्पिकचा असला, तर बदामचा एक्काही तुम्हीच कापाल.”

नेमका तोच हुकूम झाला आणि बदामचा एक्का पडला. खेळणाऱ्याकडे बदाम नव्हता, म्हणून त्यानं वज्रनखाला ओढलं. पण ‘दुर्री म्हणून पडणार नाही’ म्हणत हा शेजारच्या पत्त्याला चिकटून बसला. चुकून भलताच पत्ता पडला आणि डाव गेला.

मग म्हाताऱ्यांनी लग्नपत्रिकेचा तुकडा फाडून त्यावर दुर्री लिहिली. पुढच्याच डावात त्या तुकड्यानं एक्का कापला. नऊ हजारांची ताकद तेव्हा बाकड्याच्या पायाखाली होती. बाकडं मात्र हलायचं थांबलं, खोटं कशाला बोलू.

आणि तो डाव मी घालवला म्हणणाऱ्या माझ्या भिडूनं, नागू गुरवानं, अजून माझी माफी मागितलेली नाही.