टिटवी वाटेत थांबली तेव्हा

माणूस अर्धं काम टाकून गेला, तर ते पुरं कुणी करायचं? दादाच्या तेराव्याला मी हे ज्याला त्याला विचारलं. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं, आधी जेवून घे. मग मीच ठरवलं. मी करायचं, सगळं, एकट्यानं.

दादा वहिनीसाठी पिठाच्या गिरणीची शेड बांधत होता. भिंती झाल्या, गिलावा आणि छप्पर राहिलं, आणि तो तापानं गेला. गिरणी फिरली तरच वहिनीचं घर चालणार होतं. ती म्हणायची, माझा भाऊ येतो मदतीला, मीही आहे. मी दोघांना घमेलंही उचलू दिलं नाही. दिवसभर कारखाना, तिथून थेट शेड. शिडीवर डोळे मिटायचे, तरी चढायचो.

आता गोष्ट ऐका. एकदा एका पंपांच्या कारखान्यात एक वृद्ध गुरू होते आणि त्यांचा एक उतावळा शिष्य होता. शिष्य मीच. गुरूंना सगळे आबा म्हणत. तिथे सामान वाहणाऱ्या रोबो गाड्या आपोआप फिरत. कोणत्या गाडीनं कधी, कुठे जायचं ते आबा ठरवत आणि मला शिकवत. कामगारांनी गाड्यांना पक्ष्यांची नावं दिली होती.

त्या दिवशी पाणीटंचाईच्या गावांना पंप जायचे होते. ट्रक दारात उभा होता. भर दुपारी टिटवी पंपांचे शाफ्ट, आतले फिरते दांडे, घेऊन निघाली आणि मधल्या वाटेतच बंद पडली. जुळणीची लाइन थांबली. आबा जागेवर नव्हते. मला चेवच आला. साळुंकी अगदी शेजारी होती, रिकामी. टिटवीच्या सगळ्या फेऱ्या मी तिच्या नावावर टाकल्या. साळुंकी वळली, निघाली, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात आबा आले. त्यांनी साळुंकीच्या सगळ्या फेऱ्या काढून घेतल्या आणि तिला चार्जिंगला पाठवलं. पार पलीकडच्या टोकाच्या बगळ्याला बोलावलं.

जुळणीवरच्या शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "आबा, पंप या उन्हाळ्याचे आहेत की पुढच्या?"

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी तर भांडायलाच उठलो. आबांनी मला खुणेनं बसवलं. टिटवीच्या उरलेल्या फेऱ्या त्यांनी इतर गाड्यांना एकेक करून दिल्या, ज्या तसंही त्या बाजूला निघाल्या होत्या त्यांना.

आणि काय सांगू तुम्हाला! बगळा आला. आम्ही शाफ्ट त्याच्यावर चढवले, टिटवीला ढकलून कडेला घेतलं, वाट मोकळी झाली. इकडून एक गाडी, तिकडून दुसरी, एकमेकींना वाट देत सगळ्या फिरू लागल्या. लाइन धडधडली. शेवटचा पंप ट्रकमध्ये चढला तेव्हा शेवंताबाईंनी हातमोजे हवेत उडवले. मी नाचत होतो.

आबांनी मला जवळ बसवलं.

"जवळ होती म्हणून तू साळुंकी निवडलीस. ती सकाळपासून धावतेय, तिच्यात जोर किती उरलाय ते पाहिलं नाहीस. तीही त्याच वाटेत बंद पडली असती. बगळा लांब होता, पण नुकताच चार्ज झाला होता. मग वाट कुणालाच मिळाली नसती. बाळा, थांबलेल्या गाडीचं काम सगळ्या कारखान्याचं असतं. शेजारी उभ्या असलेल्या एकीचं नसतं."

बोलताना ते माझ्या हातांकडे पाहत होते. नखांत सिमेंट होतं. मी हात मागे घेतले.

संध्याकाळी शेडवर न जाता मी घरी गेलो आणि उजेड असतानाच झोपलो. रविवारी वहिनीच्या भावाला बोलावलं. तो छपराचे पत्रे उचलून देत होता. शेवटचा पत्रा ठोकायला वहिनी पदर खोचून स्वतः चढली.

"भावजी, धरलीय ना नीट?" तिनं वरून विचारलं.

मी खाली शिडी धरून उभा होतो.